एका पुडाचे किती रूबल? : रशियन साम्राज्याच्या तांब्याच्या नाण्यांचा हिशेब

जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो किमतीचा. ‘आज याचे किती येतील?’ रशियन साम्राज्याची तांब्याची नाणी जमवणाऱ्याकडे या प्रश्नाला फारसे चमकदार उत्तर नसते. यातली बरीचशी नाणी प्रचंड संख्येने पाडली गेली, शेतांत आणि वाड्यांच्या भिंतींत पुरली गेली, आणि आजही ती जगभरच्या नाणेबाजारात बेताच्या भावात मिळतात. सोन्याचांदीच्या नाण्यांसारखा त्यांना डौल नाही. पण गेली अनेक वर्षे मी या नाण्यांत गुंतून पडलो आहे तो एका वेगळ्याच प्रश्नामुळे. तो प्रश्न असा : एका पुडाचे किती रूबल?

पूड म्हणजे आपली भुकटी नव्हे. पूड हे जुने रशियन वजन, आजच्या मापाने सुमारे १६.३८ किलो. सरकारी टांकसाळीत एक पूड तांबे आले, तर त्यातून किती रूबलांची नाणी पाडायची, हा आकडा झारच्या हुकमाने ठरत असे. रशियन नाणकशास्त्रात त्याला ‘स्तोपा’, म्हणजे पाया, असा शब्द आहे. आपण त्याला ‘पूड-दर’ म्हणू. हा दर कमी असेल तर नाणी जड आणि प्रामाणिक. दर वाढला की तेवढ्याच तांब्यातून जास्त रूबल, म्हणजे नाणी हलकी आणि सरकारी नफा मोठा. १७०० ते १८६७ या काळात हा दर ८ पासून ५० पर्यंत अनेकदा वरखाली झाला. हा आकडा माहीत असला की तराजूवर ठेवलेले प्रत्येक नाणे बोलू लागते. ते पाडणाऱ्या राजाची तिजोरी त्या वर्षी कशी होती, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे ते सांगते.

भाला, टंक आणि पाव कोपेक

आधी नावे समजून घेऊ. शंभर कोपेकांचा एक रूबल. ‘कोपेक’ हे नाव ‘कोप्यो’, म्हणजे भाला, या शब्दावरून आले असे मानतात. सोळाव्या शतकातल्या चांदीच्या चिमुकल्या नाण्यांवर भाला घेतलेला घोडेस्वार असे. अर्ध्या कोपेकाला ‘देंगा’ म्हणत. हा शब्द तुर्की भाषांतून रशियनमध्ये आला, कझाकस्तानचे आजचे चलन ‘टेंगे’ हे त्याचेच भावंड. अनेक भाषातज्ज्ञ या कुळाचा संबंध आपल्याकडच्या ‘टंक’ शब्दाशी जोडतात. पोर्तुगीज अमदानीत गोव्यात चालणारा ‘तांगा’ही याच गोतावळ्यातला. रशियनमध्ये आज ‘पैसे’ या अर्थाचा शब्दच ‘देंगी’ आहे. पाव कोपेकाला ‘पोलुश्का’ म्हणत. आपल्याकडे दमडी आणि छदाम जसे बोलण्यात उरले, तशी पोलुश्का रशियन म्हणींत उरली आहे. ‘समुद्रापलीकडे कालवड पोलुश्काला मिळते, पण आणायला रूबल पडतो,’ अशा अर्थाची एक म्हण आहे. तांब्याच्या नाण्यांच्या इतिहासात ही म्हण पुढे फार वेगळ्या रीतीने खरी ठरली.

रशियाच्या तांब्याच्या चलनाची सुरुवात वाईट झाली होती. झार अलेक्सेई मिखाइलोविचच्या काळात पोलंडशी युद्ध चालू होते आणि चांदी अपुरी पडत होती. १६५४ पासून चलनात मोठे बदल सुरू झाले, आणि लवकरच चांदीच्या कोपेकाइतकीच किंमत असलेले तांब्याचे कोपेक काढले गेले. आकार तोच, किंमत तीच, फक्त धातू वेगळा. सरकारने सैनिकांचे पगार तांब्यात दिले आणि कर मात्र चांदीत मागितले. लोकांना अर्थ कळायला वेळ लागला नाही. शेतकरी तांबे घेऊन धान्य देईनासे झाले, महागाई भडकली. २५ जुलै १६६२ रोजी मॉस्कोतले लोक कोलोमेन्स्कोये गावच्या राजवाड्यावर चालून गेले आणि समकालीन वृत्तांतानुसार त्यांनी झारच्या अंगरख्याच्या गुंड्या धरून त्याला जाब विचारला. बंड सैन्याने निर्घृणपणे मोडले. इतिहासात ते ‘तांब्याचे बंड’ या नावाने ओळखले जाते. पुढच्याच वर्षी, १६६३ मध्ये, तांब्याचे कोपेक चलनातून काढून घेण्यात आले.

अलेक्सेईचा मुलगा पीटर याने हा अनुभव ध्यानात ठेवून तांबे पुन्हा आणले. १७०० साली त्याने फक्त अगदी लहान नाणी, देंगा, पोलुश्का आणि अर्धी पोलुश्का, तांब्यात काढली. १७०४ साली तांब्याचा कोपेक आणि चांदीचा रूबल आला. एक रूबल म्हणजे शंभर कोपेक ही दशमान पद्धत प्रत्यक्ष नाण्यांतून राबवणारा रशिया हा जगातला पहिला देश. आपल्याकडे शंभर नव्या पैशांचा रुपया १९५७ साली आला हे लक्षात घेतले म्हणजे त्या पावलाचे मोठेपण कळते. पीटरच्या सुरुवातीच्या नाण्यांवरचे साल आकड्यांत नसून स्लाव अक्षरांत आहे, कारण जुन्या रशियन लिपीत अक्षरांनाच अंकांची किंमत असे. नवशिक्या संग्राहकाला ही नाणी म्हणूनच बिनसालाची वाटतात.

पण पीटरलाही युद्ध होतेच, स्वीडनशी, एकवीस वर्षांचे. पूड-दर १७०० साली १२ रूबल ८० कोपेक होता. १७०२ साली तो १५ रूबल ४० कोपेक झाला, १७०४ साली २० आणि १७१८ साली ४०. नाण्यातल्या तांब्याची बाजारातली किंमत छापील किमतीच्या कितीतरी खाली गेली.

वीस ग्रॅमच्या चकतीची गोष्ट

आता मी वाचकांना एका चकतीचा प्रवास सांगतो. माझ्या मते रशियन तांब्याचा सगळा इतिहास यात आहे.

१७२३ साली ४० रूबलांच्या पूड-दराने तांब्याचे पाच कोपेक निघाले. एका बाजूला दुतोंडी गरुड, दुसऱ्या बाजूला क्रूसाच्या आकारात मांडलेला मजकूर; म्हणून संग्राहक त्याला ‘क्रूसवाला पाच कोपेक’ म्हणतात. गणित सोपे आहे. १६.३८ किलोचे ४० रूबल, म्हणजे एका रूबलाला सुमारे ४१० ग्रॅम आणि पाच कोपेकांना २०.५ ग्रॅम. पाच कोपेकांच्या नाण्यात जेमतेम एका कोपेकाचे तांबे. असे नाणे खोटे पाडण्याइतका सोपा आणि किफायतशीर धंदा दुसरा नव्हता. देशात आणि देशाबाहेरही ती नाणी खोटी पाडली गेली. खरी आणि खोटी दोन्ही तांब्याचीच, वजनही जवळपास सारखेच. फरक करणार तरी कसा?

सरकारपुढे प्रश्न होता की ही नाणी परत घ्यायची कशी. पाच कोपेक देऊन घेतली तर तोटा तिजोरीचा, आणि खोटी पाडणाऱ्यांचाही फायदाच. सम्राज्ञी एलिझाबेथच्या सरकारने तोडगा काढला : नाणे तेच ठेवायचे, किंमत उतरवायची. १७४४ ते १७४६ या दरम्यान हुकमांनी पाच कोपेकांचे चार झाले, मग तीन, मग दोन. ज्याच्या गाठोड्यात ती नाणी होती त्याच्या पैशाचे निम्म्याहून अधिक मोल हुकूम वाचला जाताच नाहीसे झाले. मोठ्या व्यापाऱ्याकडे चांदी असे. तांबे असे ते शेतकऱ्याकडे, सैनिकाकडे, हातावर पोट असलेल्याकडे. या तीन पायऱ्यांचा तोटा कोणाच्या अंगावर पडला हे सांगायला वेगळा पुरावा नको.

१७५५ साली पूड-दर ८ वर आणला गेला. आठ रूबलांच्या दराने एक कोपेकाचे वजन किती? २०.५ ग्रॅम. म्हणजे तीच चकती! जुने क्रूसवाले पाच कोपेक टांकसाळीत आणून, वितळवण्याचा खर्च न करता, त्यांच्यावर नवा ठसा ठोकला गेला आणि त्यांचे एक कोपेक झाले. नव्या ठशावर ढगांत बसलेला गरुड आहे. चांगल्या उजेडात नाणे तिरपे धरले की त्या ढगांखाली जुन्या क्रूसाच्या रेषा दिसतात.

१७५७ साली, सात वर्षांच्या युद्धात, दर १६ झाला. तीच २०.५ ग्रॅमची चकती आता दोन कोपेक. १७६२ साली तिसऱ्या पीटरने दर ३२ केला, डेन्मार्कवर स्वारीची तयारी चालली होती. जुन्याच नाण्यांवर ढोल, निशाणे आणि शस्त्रांचा ठसा मारला, आणि चकती चार कोपेकांची झाली. तिसरा पीटर काही महिन्यांतच पदच्युत झाला आणि मारला गेला. त्याची पत्नी कॅथरीन गादीवर आली. तिने दर पुन्हा १६ केला, ढोलांवर आपले मुद्राक्षर ठोकले. चकती पुन्हा दोन कोपेक. कॅथरीनच्या अखेरच्या वर्षी, १७९६ मध्ये, दर पुन्हा ३२, म्हणून चार कोपेक. नोव्हेंबरात ती वारली. मुलगा पॉल याने आईचा निर्णय फिरवला, चकती परत दोन कोपेक.

पाच, चार, तीन, दोन, एक, दोन, चार, दोन, चार, दोन. सुमारे पाऊणशे वर्षांत तांब्याचा एक कणही न वाढता वा घटता एका चकतीची किंमत इतक्या वेळा बदलू शकत होती. एकाच नाण्याने हा सगळा प्रवास केला असेल असे मी म्हणत नाही, पण प्रत्येक टप्प्यावरची ठोकलेली नाणी हाती आहेत, आणि दोन-तीन टप्प्यांच्या खुणा एकाच नाण्यावर दिसतात. दर कोणत्या वर्षी वाढला हे पाहावे : पीटरचे उत्तरेतले युद्ध, सात वर्षांचे युद्ध, डेन्मार्कची तयारी. तोफांचा खर्च खुर्द्यातून वसूल होत होता.

पॉलच्या टांकसाळीने संग्राहकांसाठी एक गंमतशीर कोडेही ठेवले आहे. आईची ३२ दराची नाणी मोडून परत १६ दराची करताना तिथे कॅथरीनचे जुने ठसे वापरले गेले, त्यांवरच्या जुन्या सालांसकट. त्यामुळे ‘१७९३’ असे साल असलेले पण प्रत्यक्षात १७९७ मध्ये पाडलेले पाच कोपेक सापडतात. खालच्या ठशाची १७९६ सालची खूण डोकावली की खोटे साल उघडे पडते. नाण्यावरचे साल हा अंतिम पुरावा मानू नये, हा धडा नाणकशास्त्रात याहून सोप्या रीतीने कुठे मिळत नाही.

एक किलोचा रूबल

कॅथरीनच्या पाच कोपेकांचे वजन १६ दराने ५१ ग्रॅम भरते. चार-पाच शिवराया एकत्र ठेवाव्यात तसे ते तळहातावर जड लागते. एका बाजूला मुकुटाखाली तिच्या नावाचे आद्याक्षर, त्यात रोमन दोन, भोवती फांद्यांची माळ. दुसऱ्या बाजूला दुतोंडी गरुड, त्याच्या छातीवर भाल्याने सर्पराक्षस मारणारा संत जॉर्ज, पायाशी पट्टीवर ‘प्यात कोपेयेक’ म्हणजे पाच कोपेक. हे नाणे मला सर्वांत आवडते, पण व्यवहारात ते एक संकटच होते.

शंभर रूबल द्यायचे तर पाच कोपेकांची दोन हजार नाणी, वजन १०२ किलो. हजार रूबलांना एक टनाहून थोडे अधिक, म्हणजे बैलगाड्यांची रांग. या वजनानेच रशियात कागदी चलन आणले. १७६९ पासून ‘असिग्नात’ नावाच्या नोटा निघाल्या, आणि सुरुवातीला त्यांच्यामागे जे नाणे होते ते मुख्यतः तांब्याचे. तुर्कस्तानशी युद्ध नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे नोटांची गरज केवळ सोयीची नव्हती. याच काळात, १७७० आणि १७७१ साली, सेस्त्रोरेत्स्क येथे तांब्याचा पूर्ण वजनाचा रूबल पाडून पाहिला गेला : सुमारे एक किलो वजन, सात सेंटिमीटरहून अधिक व्यास. तो प्रयोगापुरताच राहिला. आज त्याचे थोडेच नमुने आहेत. त्याआधी १७२५ ते १७२७ च्या सुमारास येकातेरिनबुर्गमध्ये स्वीडनच्या धर्तीवर चौकोनी तांब्याच्या पाट्या चलन म्हणून काढल्या होत्या. त्यातली एक रूबलाची पाटी १.६ किलोची. हे पूड-दर १० चे गणित आहे, वाचकांनी करून पाहावे.

हे तांबे बहुतांशी उरल पर्वतातले. १७२३ साली वसवलेले येकातेरिनबुर्ग हे त्याचे केंद्र. तिथल्या टांकसाळीची ‘ये’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरे अठराव्या शतकातल्या सर्वाधिक नाण्यांवर दिसतात. ही नाणी पश्चिमेकडे नेण्याचा मुख्य मार्ग नद्यांचा होता. वसंतात बर्फ वितळून चुसोवाया नदीला पूर आला की माल भरलेले लाकडी पडाव तिच्यात सोडत. तिथून कामा, मग व्होल्गा. चुसोवायाच्या वळणांवर पाण्यात घुसलेले कडे आहेत. पडाव त्यांच्यावर आपटून फुटत, म्हणून लोक त्या कड्यांना ‘लढवय्ये’ म्हणत. कालवडीच्या त्या म्हणीची इथे आठवण होते : नाण्याची किंमत एक, आणण्याचा खर्च दुसराच.

या साखळीच्या तळाशी जो माणूस होता तो नाण्यावर नाही. उरलमधल्या कारखान्यांना आसपासची गावेच्या गावे जोडून दिलेली असत. त्या शेतकऱ्यांनी डोईपट्टी पैशाने न भरता लाकूड तोडून, कोळसा पाडून, खनिज वाहून फेडायची. आपल्याकडच्या वेठीसारखाच हा प्रकार, फक्त कायद्याने बांधलेला. १७७३ साली पुगाचोव्हचे बंड उठले तेव्हा यातले अनेक जण त्याला जाऊन मिळाले. मी नाणे हातात घेतो तेव्हा सम्राज्ञीच्या आद्याक्षराइतकाच त्या कोळसा पाडणाऱ्याचाही विचार मनात येतो. भावनेची गोष्ट बाजूला ठेवली तरी हिशेबात तो घ्यावाच लागतो : ज्या तांब्यावर सरकार नफा काढत होते, ते स्वस्त होते ते त्याच्या श्रमामुळे.

सेबलांचे नाणे, तोफांचे नाणे आणि शत्रूचे नाणे

या विषयाचे काही आडमार्ग फार मोहक आहेत. अल्ताई प्रदेशातल्या कोलिवान खाणींच्या तांब्यात थोडी चांदी आणि अगदी किंचित सोने असे. ते वेगळे काढणे त्या काळी परवडणारे नव्हते. तेव्हा १७६६ ते १७८१ या काळात सुझून येथील टांकसाळीत या तांब्याची वेगळी ‘सायबेरियन नाणी’ पाडली गेली. पूड-दर २५, कारण धातू अधिक मोलाचा. दहा कोपेकांचे नाणे ६५ ग्रॅमचे. त्यावर ढाल धरून उभे असलेले दोन सेबल आहेत. सेबल हा मऊ केसांचा, फरसाठी शिकार होणारा लहानसा प्राणी, सायबेरियाची खरी संपत्ती. ही नाणी सायबेरियापुरतीच चालत. सुझूनची टांकसाळ पुढे सामान्य नाणी पाडत राहिली आणि १८४७ च्या आगीत जळाली.

१७७१ ते १७७४ या काळात चेर्निवत्सीजवळच्या सादागुरा गावी मोल्डेव्हिया आणि वालाखियासाठी नाणी पाडली गेली, ती तुर्कांकडून जिंकलेल्या तोफांच्या धातूतून. त्यांच्यावर किंमत दोन भाषांच्या सवयीने लिहिली आहे : एक पारा म्हणजे तीन देंगा. जिंकलेल्या प्रांतात चलन कसे शिरते याचा हा छापील नमुनाच.

आणि स्वीडनने कॅथरीनला दिलेले उत्तर तर वाचण्यासारखे आहे. १७८८ ते १७९० च्या युद्धात स्वीडनच्या अवेस्ता टांकसाळीत १७८७ सालचे येकातेरिनबुर्गचे पाच कोपेक हुबेहूब पाडले गेले. एक राज्य दुसऱ्या राज्याची खोटी नाणी पाडत होते. वजन, गरुड, अक्षरे सारे ठीक. पण ठसा कोरणाऱ्याने मुकुट आपल्या ओळखीचा, स्वीडिश घाटाचा, कोरला. आज संग्राहक ते नाणे त्या मुकुटावरूनच ओळखतो, आणि खऱ्या नाण्याहून जास्त पैसे देऊन घेतो.

‘चांदीतले’ कोपेक

एकोणिसाव्या शतकात गणित अवघड होते, कारण आता रूबलच दोन झाले होते : चांदीचा आणि नोटांचा. नोटा बेसुमार छापल्या गेल्याने घसरत गेल्या. १८१० साली पूड-दर २४, १८३० साली ३६. मग १८३९ साली अर्थमंत्री कांक्रिनने ठरवले की चांदीचा एक रूबल म्हणजे नोटांचे साडेतीन रूबल. त्यानंतरच्या तांब्याच्या नाण्यांवर पहिल्या निकोलसचे मुद्राक्षर आणि मजकूर आहे ‘कोपेकी सेरेब्रोम’, म्हणजे ‘चांदीतले कोपेक’. तांब्याच्या नाण्यावर चांदीचा उल्लेख का, हे नवख्याला कळत नाही. तो धातूचा उल्लेख नसून हिशेबाचा आहे. पूड-दर मात्र १६. वरवर पाहता ३६ चा १६ झाला, नाणी जड झाली, राज्य प्रामाणिक झाले असे वाटते. पण १६ ला साडेतीनने गुणावे : नोटांच्या हिशेबाने ५६. म्हणजे दर उतरला नव्हता, चढलाच होता.

१८४९ साली दर ३२ झाला आणि १८६७ साली ५०. त्यानंतर पाच कोपेकांचे वजन १६.४ ग्रॅम, व्यास ३२ मिलिमीटर, आणि हे माप साम्राज्याच्या अखेरीपर्यंत टिकले. कॅथरीनच्या पाच कोपेकाच्या एक तृतीयांशाहूनही कमी. पण एव्हाना लोकांनी तांबे हा निव्वळ खुर्दा मानला होता, त्याच्या वजनाची अपेक्षाच सोडली होती. गंमत म्हणजे क्रांतीनंतर सोव्हिएत सरकारने १९२४ साली तांब्याची नाणी पाडली ती याच वजनाची आणि याच आकाराची. गरुड गेला, विळा-हातोडा आला, शब्दाच्या शेवटचे जुने ‘कठोर चिन्ह’ लिपीसुधारणेत गळाले. वजन मात्र झारचेच राहिले.

जमवणाऱ्यासाठी चार गोष्टी

या विषयाकडे वळणाऱ्यांना मी एवढेच सुचवेन. पहिले, लिपी शिका. रशियन अक्षरे पंधरा दिवसांत येतात. टांकसाळीच्या दोन अक्षरांनी नाण्याची किंमत दसपट बदलते. दुसरे, सोनारकामाचा छोटा वजनकाटा घ्या. मात्र टांकसाळ एका पुडाच्या नाण्यांची संख्या पाळत असे, प्रत्येक नाण्याचे वजन नव्हे. त्यामुळे कॅथरीनच्या पाच कोपेकांत काही ग्रॅमचा फरक अस्सल नाण्यांतही असतो. फार मोठी तफावत, साबणासारखी गुळगुळीत कड किंवा ओतकामाचे बारीक खड्डे दिसले तर संशय घ्यावा.

तिसरी गोष्ट खास दिवाळीच्या दिवसांत सांगण्यासारखी. आपल्या घरांत सणाआधी तांब्यापितळेची भांडी चिंचेने किंवा लिंबाने घासून लखलखीत करतात. नाण्याला हा न्याय लावू नये. तांब्यावर शेदीडशे वर्षांत बसलेला तपकिरी थर हे त्याचे संरक्षण आहे आणि पुन्हा ठोकलेल्या नाण्यावरच्या जुन्या खुणाही त्या थराच्या छटांमुळेच वाचता येतात. घासलेले नाणे चमकते, पण मुके होते. त्याउलट भुरभुरीत फिकट हिरवे ठिपके दिसू लागले तर तो रोग समजावा : क्षार आणि दमट हवा मिळून धातू खात जातात. आपल्या पावसाळ्यात, विशेषतः कोकणपट्टीत, तो झपाट्याने वाढतो. असे नाणे इतरांपासून वेगळे, कोरडे ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या स्वस्त पाकिटांनीही कालांतराने हिरवा चिकटा येतो. त्यापेक्षा कागदी पाकीट बरे.

चौथी गोष्ट नाणे आले कुठून याची. बाजारातले पुष्कळसे रशियन तांबे धातुशोधक यंत्राने शेतातून उपसलेले असते. गठ्ठ्याने सापडलेली नाणी विकायला पांगली की तो गठ्ठा कोणी, कधी, कोणत्या भीतीने पुरला असेल हे कळण्याची वाट बंद होते. १९ व्या शतकातल्या एका शेतकऱ्याच्या पुरचुंडीत किती क्रूसवाली, किती ढोलवाली नाणी होती, हे एका दुर्मीळ नाण्याहून जास्त सांगते. रशियात २०१३ साली परवानगीविना असे उत्खनन करण्याविरुद्ध कायदा कडक झाला. संग्राहकाने आपल्या बाजूने निदान एवढे करावे : माती लागलेल्या, बिनइतिहासाच्या गठ्ठ्यांना हात लावू नये आणि आपल्याकडच्या प्रत्येक नाण्याची पूर्वपीठिका चिठ्ठीवर लिहून ठेवावी.

या बाबतीत आदर्श म्हणावा असा माणूस रशियन राजघराण्यातलाच होता. ग्रँड ड्यूक गिओर्गी मिखाइलोविच याने अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या रशियन नाण्यांचे आणि त्यांच्याविषयीच्या सरकारी कागदपत्रांचे अनेक खंड प्रसिद्ध केले. आज आपण पूड-दरांची चर्चा करू शकतो ती मोठ्या प्रमाणात त्या कागदपत्रांमुळे. श्रीमंत संग्राहकांच्या हौसेसाठी टांकसाळीतच जुन्या ठशांची नवी नाणी पाडून देण्याची प्रथा होती. अशा नाण्यांना ‘नोवोदेल’ म्हणतात. ती प्रथा १८९० साली बंद झाली, त्यामागेही त्याचाच आग्रह होता. जानेवारी १९१९ मध्ये पेट्रोग्राडच्या किल्ल्यात बोल्शेविकांनी त्याला आणखी तिघा ग्रँड ड्यूकांसह गोळ्या घातल्या. त्याच्या संग्रहाचा मोठा भाग आज अमेरिकेत स्मिथसोनियन संस्थेत आहे.

साम्राज्याच्या तांब्याचा शेवट पहिल्या महायुद्धात झाला. लोकांनी नाणी दडवायला सुरुवात केली, खुर्दा नाहीसा झाला. सरकारने १९१३ च्या टपाल तिकिटांचे ठसे घेऊन जाड कागदावर एक, दोन, तीन कोपेकांचे तुकडे छापले. एक कोपेकाच्या तुकड्यावर चित्र होते पहिल्या पीटरचे, ज्याने तांब्याचा कोपेक रूढ केला त्याचेच. आणि पाठीमागे छापले होते की हा कागद तांब्याच्या नाण्याच्या बरोबरीने चालेल. अडीचशे वर्षांपूर्वी तांब्याला चांदीच्या बरोबरीने चालायला सांगितले होते, तेव्हा लोकांनी झारच्या अंगरख्याच्या गुंड्या धरल्या होत्या. १९१७ साली ते गुंड्यांवर थांबले नाहीत. क्रांतीची कारणे अर्थातच खुर्द्याहून खूप मोठी होती. पण हातातल्या पैशावर काय लिहिले आहे आणि तो प्रत्यक्षात काय आहे, यातले अंतर सामान्य माणूस रोज मोजत असतो. त्यासाठी त्याला वजनकाट्याची गरज पडत नाही.